टोकावरची चूल

"इथं जग संपतं. नाही का, बाबा?"

"कोणाचं?"

अच्युत देवल हसला. असलं काहीतरी ऐकायला मिळेल म्हणूनच तो इतक्या लांब आला होता.

"सगळ्यांचंच. याच्यापुढं जमीन नाही."

फकिरानं चुलीत एक काटकी सरकवली.

"मागे आहे ना? मागे झरा आहे. भाताला पाणी आण."

मळवी हे एसटीचं शेवटचं गाव. गाडी तिथं वळते आणि आल्या वाटेनं परत जाते. गावापुढं काळ्या कातळाचा सडा लागतो. झाड नाही, सावली नाही, नुसता वारा. बराच वेळ चाललं की सडा एकदम तुटतो आणि खाली खडक आणि पाणी.

तुटतो त्याच्या थोडं अलीकडं एका पिराची कबर आहे. पिराचं नाव कोणाला ठाऊक नाही. कबरीला लागून दादामियाँ फकिराची पत्र्याची खोप. कड्याकडं जाणारी एकच पायवाट, आणि ती त्याच्या चुलीवरून जाते.

अच्युत सांगलीकडच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. नोकरी सोडून तो भूमीची टोकं हिंडत होता. द्वारका झाली, धनुष्कोडी झाली, कन्याकुमारी झाली. जमीन संपते तिथं उभं राहिलं की डोक्यातली बडबड थांबते, असा त्याचा अनुभव होता. ती कायमची थांबवणारा कोणी हवा होता.

"मला इथं राहू द्या," तो म्हणाला. "तुमच्या पायाशी बसून शिकायचं आहे."

"पायाशी चूल आहे. जरा बाजूला बस."

तो राहिला.

फकीर त्याला मास्तर म्हणू लागला. शिकवलं मात्र काही नाही. पाणी आण, लाकडं फोड, भात बघ. वाटेनं कोणी आलं की फकीर मान वर करायचा आणि एकच विचारायचा.

"जेवलास?"

फिरायला आलेली माणसं हसून पुढं जायची, कड्यावरून समुद्र बघून परत यायची. फकीर ती परत येईपर्यंत वाटेकडं बघत बसायचा. काही जण थांबायचे. त्यांना तो जेवायला घालायचा, आणि जेवणाआधी काहीतरी कामाला लावायचा. दोरी वळ. पत्र्यावर दगड ठेव. हे भांडं घासून दे.

अच्युतला याचा कंटाळा आला.

"बाबा, खोप कड्याशी का नाही बांधलीत? इथून समुद्रसुद्धा दिसत नाही."

"वाट दिसते."

"वाटेत काय बघायचं?"

फकिरानं त्याच्याकडं कुऱ्हाड सरकवली.

एका दुपारी एक बाई आली. लग्नाला निघाल्यासारखी नेसलेली. हातात पिशवी नाही, बरोबर कोणी नाही. भर उन्हात डोक्यावर पदरही नव्हता.

"खाली पाणी खोल आहे का?" तिनं विचारलं.

"जेवलीस, बाय?"

"नाही."

"मग तांदूळ निवडून दे. माझे डोळे गेलेत."

फकिराचे डोळे घारीसारखे होते. अच्युतनं त्याच्याकडं चमकून पाहिलं.

बाई उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली... मग खाली बसली आणि सूप पुढं ओढलं.

ती निवडत राहिली. मध्येच तिचे हात थांबले, खांदे हलायला लागले. फकीर तिच्याकडं न बघता म्हणाला, "त्या कोपऱ्यात किडे आहेत बघ."

तिनं डोळे पुसले आणि किडे काढले.

ऊन उतरल्यावर ती जेवली. खालच्या कोळीवाड्यातला लवू तांडेल फकिराला मासळी द्यायला वर यायचा. त्याच्या सोबतीनं ती एसटीपर्यंत गेली.

दोघं दिसेनासे झाल्यावर अच्युत म्हणाला, "बाबा, ती बाई मरायला आली होती."

"ती तांदूळ निवडायला आली होती."

"तुम्ही तिला धीराचा एक शब्दसुद्धा बोलला नाहीत."

"बोललो की. किडे आहेत म्हणालो."

अच्युत पुढं सरकून बसला. कॉलेजात एखादा मुद्दा पटवायचा असला की तो असाच बसायचा.

"तुम्ही फक्त पुढं ढकललंत. दुःखाचं मूळ तसंच राहिलं. उद्या ते तिला पुन्हा इथं आणील. मूळ तोडायला हवं, बाबा. माणसाला एकदा खरं काय ते कळलं की रडायचं कारणच उरत नाही."

फकीर सुपातले किडे चुलीत झटकत होता.

"पुढं ढकललं," तो म्हणाला. "खरं आहे... ढकललं पुढं."

वैशाखात फकिराला ताप चढला. दोन दिवस त्यानं अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी लवू होडी घेऊन आला आणि त्याला जवळजवळ उचलूनच खाली नेऊ लागला. खाडीपलीकडं सरकारी दवाखाना होता.

वाटेत फकीर थांबला.

"मास्तर, चूल विझू देऊ नको. जो येईल त्याला जेवू घाल. काही विचारलं तर ऐकू येत नाही असं कर."

"आणि खरंच कोणी जिज्ञासू आला तर?"

"जिज्ञासूला भूक लागत नाही का?"

"मी सांभाळतो, बाबा. तुम्ही निर्धास्त जा."

फकीर त्याच्याकडं बघत राहिला. त्याला आणखी काही बोलायचं असावं. पण खोकल्याची उबळ आली, आणि लवूनं त्याला पुढं नेलं.

अच्युतनं भात चढवला.

ऊन तापायच्या आत एक माणूस सड्यावरून येताना दिसला. पन्नाशीचा. धुतलेला सदरा, खांद्यावर कॅनव्हासची पिशवी. खोपीपाशी येऊन तो थांबला.

"बाबा नाहीत?"

"नाहीत. मी आहे. बसा."

माणूस बसला नाही. त्यानं खोपीचं दार धरलं, हळूच उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं.

"दार बरं लागतं का आता?"

"दार? लागतं की."

"पावसाळ्यात फुगेल. थोडं तासायला लागेल." तो पिशवी चाचपत होता. "काही काम असेल तर सांगा. हत्यारं आणलीत मी. रंधा पण आहे."

"काम कसलं? बसा हो. कुठून आलात?"

तो सावकाश बसला. भिकाजी मेस्त्री त्याचं नाव. खाडीपलीकडच्या गावात सुतारकाम करायचा. मुलगा वासू ट्रॉलरवर कामाला होता. नारळी पौर्णिमा झाल्यावर बोट बाहेर पडली ती परत आली नाही. फळकूट मिळालं नाही, माणूस मिळाला नाही.

"क्रियासुद्धा केलेली नाही अजून," तो म्हणाला. "बायको करू देत नाही. म्हणते, येईल. रात्री दाराला कडी घालत नाही ती."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

बऱ्याच दिवसांत त्याला कोणी असं विचारलं नसावं. त्यानं अच्युतकडं पाहिलं.

"मला काय वाटायचं... मला वाटतं तो तिथं एकटा आहे."

चुलीवरचा भात रटरटत होता.

हाच तो माणूस, अच्युतला वाटलं. याला तांदूळ निवडायला लावणं म्हणजे याचा अपमान. दुःख ज्याच्या मुळाशी पोचलं आहे, त्याला मुळाचंच सांगायला हवं.

"चला माझ्याबरोबर," तो उठला. "तुम्हाला काही दाखवायचं आहे. इथून दिसत नाही."

"कुठं?"

"टोकावर."

भिकाजीनं पिशवीकडं पाहिलं. ती उचलावी की नाही असा हात पुढं केला, मग मागं घेतला. आणि अच्युतच्या मागून निघाला.

कड्यावर वारा इतका होता की बोलणं तोडून नेत होता. अच्युत त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलू लागला. तो बोलण्यात हुशार होताच, पण त्या दिवशी त्याला शब्द शोधावेही लागले नाहीत.

"ती लाट बघा. येते आहे. आता फुटेल... फुटली. कुठं गेली?"

"पाण्यात."

"आधी कुठं होती?"

"...पाण्यातच."

"मग काय हरवलं?"

भिकाजी खाली बघत राहिला.

"लाट समुद्रापासून वेगळी कधीच नव्हती. आपल्या डोळ्यांनी ती वेगळी केली. नाव दिलं, माझी म्हटलं, म्हणून रडलो. तुमचा वासू कुठंही गेलेला नाही. जायला दुसरी जागाच नाही."

"म्हणजे तो आहे?"

"आहेच."

"एकटा नाही?"

"एकटा असायला दुसरा असावा लागतो. तिथं दोन नाहीतच. तुम्ही, तो, हे पाणी... एकच."

भिकाजीनं मान हलवली. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल पडल्या. अच्युतला ते स्पष्ट दिसलं. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात आपल्या शब्दांनी एखादा चेहरा असा निवलेला त्यानं पाहिला नव्हता.

"फार सोपं करून सांगितलंत, मास्तर," भिकाजी म्हणाला. त्यानं वाकून अच्युतच्या पायांना हात लावला. "बसू का इथं थोडा वेळ?"

"बसा की. त्यासाठीच तर ही जागा आहे."

अच्युतला चुलीची आठवण झाली. तो परत आला. विस्तव निवत चालला होता. त्यानं गुडघे टेकून फुंकर घातली, धूर डोळ्यांत गेला, पुन्हा फुंकर घातली. भात उतरवला. मग भिकाजीला हाक मारायला कड्याकडं गेला.

कड्यावर कोणी नव्हतं.

तो उभा राहिला. वारा होता, पाणी होतं.

आपण चुलीत फुंकत होतो तेव्हा मागून निघून गेला असेल, असं त्यानं ठरवलं. पिशवी खोपीच्या दाराशी तशीच होती. घाईत विसरला असेल. घरी जायची घाई झाली असेल माणसाला. बायकोला सांगायचं असेल.

अच्युतनं ताट वाढून घेतलं. त्याला कडकडून भूक लागली होती.

ऊन कलल्यावर होडी येताना दिसली तसा तो उतरणीवरून जवळजवळ धावत सुटला. खाली धक्का वगैरे काही नव्हता. वाळूची चिंचोळी पट्टी, आणि तिच्यावर होडी ओढायची. फकीर होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी बसला होता. ताप उतरला असावा, कारण तो ताठ बसला होता.

"बाबा," अच्युत पाण्यात शिरत म्हणाला, "आज एक जण आला होता. त्या बाईच्याच वाटेनं आला होता, पण मी त्याला परत पाठवलं. शांत होऊन गेला. तुम्ही पाहायला हवं होतं."

फकिरानं लवूकडं पाहिलं.

होडीच्या तळाशी जुनं शीड पसरलेलं होतं. लवूनं वाकून त्याचं एक टोक उचललं.

"ह्योच काय, मास्तर?"

...

"तळाच्या खडकार गावलो," लवू म्हणाला. "तुमी येवच्या आदी पण ह्यो इललो. बाबांनी ह्येच्याकडसून खोपीचा दार करून घेतल्यानी. दिवसभर होतो. जेवान गेलो."

पाणी अच्युतच्या गुडघ्यांवरून येत होतं, जात होतं.

फकीर उतरला. त्यानं कोणाचा हात घेतला नाही. वाळूवर आल्यावर त्यानं विचारलं, "हत्यारं कुठं आहेत?"

"दाराशी."

"काम मागितलं?"

"हो."

फकिरानं डोळे मिटले. मग कडा चढायला लागला.

दुसऱ्या दिवशी पोलीसपाटील येऊन गेला. लिहून घेण्यासारखं फारसं नव्हतं. मग लवूबरोबर भिकाजीची बायको आली, हत्यारं न्यायला.

ती ठेंगणी बाई होती. कपाळ मोकळं होतं. दाराशी बसून तिनं पिशवी उघडली, रंधा पाहिला, पटाशी पाहिली आणि पिशवी पुन्हा बांधली. मग अच्युतकडं वळली.

"तुमीच बोललास तेंच्याशी?"

"हो. मी."

"शेवटाक काय म्हणाले?"

अच्युतनं फकिराकडं पाहिलं. फकीर वाटेकडं बघत होता.

"ते... ते फार बोलले नाहीत. मीच बोलत होतो."

तिनं मान हलवली. यात तिला काही नवल वाटलं नाही.

"जेवले काय?"

अच्युतनं चुलीकडं पाहिलं.

"नाही," शेवटी तो म्हणाला.

"भात नाय होतो?"

"होता."

तिनं पुढं काही विचारलं नाही. उठताना गुडघ्यावर हात ठेवला, पिशवी काखेत घेतली. थोडं चालल्यावर कोणालाच उद्देशून नाही असं बोलली.

"तेंका भूक सोसणा नाय."

ती लवूच्या मागून सड्यावरून गेली. बराच वेळ दिसत राहिली. सड्यावर आड यायला काही नसतं.

अच्युतनं त्या संध्याकाळी आपली पिशवी भरली. सकाळी ती रिकामी केली. कुठल्या टोकाला जायचं ते त्याला सुचलं नाही, असंही असेल. फकिरानं जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही.

पावसाळा आला. सड्यावर गुडघाभर गवत उठलं, वारा माणसाला उभं राहू देईना. दार फुगलं, लागेनासं झालं. अच्युतनं गावातून कानस आणली आणि स्वतःच ते घासलं. नीट जमलं नाही. खालच्या बाजूला फट राहिली आणि पाऊस तिथून आत येत राहिला.

त्याचं बोलणं आटलं. पुढं कोणी वाटेनं आलं तर तो उठायचा, ताट वाढायचा आणि समोर ठेवायचा. एकदा एक पोरगेला मुलगा आला, लाल डोळ्यांचा. त्यानं भात खाल्ला, मीठ जास्त झालंय म्हणून चिडला आणि चिडूनच परत गेला. एकदा एक म्हातारा आला. त्यानंही भात खाल्ला, ताट धुऊन पालथं घातलं, फकिराला सलाम केला... आणि फकीर मागून हाका मारत असताना कड्याकडं चालत गेला. अच्युत धावला. पोचला नाही.

लवूनं त्या दिवशी अच्युतच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबांच्या समोरसून पण गेलीहत माणसां, मास्तर. सगळीच काय ऱ्हवतत?"

अच्युतनं त्याच्याकडं बघून मान हलवली. त्याला त्यातून धीर आला असं काही दिसलं नाही.

एक प्रश्न त्याला आतून पोखरत होता. झऱ्यावर जाताना, लाकडं फोडताना, अंथरुणावर पडल्या पडल्या. कड्यावर सांगितलेला शब्दन् शब्द तो मनात पुन्हा उलगडून बघायचा. कुठं चुकलं ते शोधायचा. ज्यांच्याकडून शिकला त्यांची वचनं आठवायचा, ताडून बघायचा. चूक सापडत नव्हती. एखादी चूक सापडावी म्हणून तो देवाची करुणा भाकू लागला. देवाला त्यानं याआधी कधी काही मागितलं नव्हतं.

मार्गशीर्षात गवत वाळून पिवळं पडलं. एका दुपारी दोघे चुलीपाशी बसले होते. फकीर आता फार थकला होता. पाणी आणायला उठत नव्हता.

"बाबा."

"हं."

"मी त्याला टोकावर नेलं. माझ्या पायांनी नेलं. ते मला कळतं. जेवायला घातलं नाही, तेही कळतं."

फकीर ऐकत होता.

"पण मी त्याला जे सांगितलं..." अच्युतनं हातातली काटकी खाली ठेवली. "मी जे सांगितलं, ते खोटं होतं का?"

वाऱ्यानं चुलीतली राख उडाली. फकिरानं ती बसू दिली. अच्युत त्याच्या तोंडाकडं बघत राहिला, होकाराची भीक मागावी तसा.

"खोटं असतं," फकीर म्हणाला, "तर वाचला असता."